दिन्या, तुझा सत्कार आम्हीच केला

दिन्या, मंगळवारी तुझा दहावा झाला. काष्टीला नदीवर मंडप, सतरंज्या, कर्णा, सगळं जोरात होतं. प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडं माणूस मेला की त्याच्यावर बोलायला पुढाऱ्यांची रांग लागते. तुझ्यावर पाच जण बोलले. त्यातला तो बाजार समितीवाला जाड्या, ज्यानं तुला उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं असेल, तो माईक दोन्ही हातांत धरून म्हणाला, "दिनकररावांच्या रूपानं तालुक्यातलं एक निर्व्यसनी व्यक्तिमत्त्व हरपलं." मी मागं चपलांच्या ढिगाशेजारी बसलो होतो. मला हसू फुटलं. शेजारचा म्हातारा "काय झालं हो पाव्हणं?" म्हणून वळला, तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं.

निर्व्यसनी! दवाखान्यात तीन दिवस तू रक्ताच्या उलट्या करत होतास. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगून टम्म, हातपाय काड्या. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं दारूनं गेला. आणि गावात पोचेपर्यंत त्याचा अटॅक झाला. भावकीनं अटॅक म्हटलं, पेपरात अटॅक आला, प्रवचनकारानंही अटॅकवरच दाखला दिला. चारशे माणूस मांडी घालून बसलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांना खरं ठाऊक होतं. एकानं तोंड उघडलं नाही. मीही नाही.

तर मी लिहायला बसलोय ते तुझे गुण गायला नाही. गुण गाणारे पाच होऊन गेले.

आपण दोघं नागापूरला एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या लेथवर अकरा वर्षं उभे. तू काष्टीच्या पाटलांच्या भावकीतला, घरी ऊस, पण कामासाठी नागापुरात खोली करून राहिलेला. मी नगरचा, आमचं घर बौद्ध, बाप हमाली करायचा. शिफ्ट सुटली की दोघांच्या सायकली एकाच गुत्त्यापुढं लागायच्या. "पिताना जात आठवत न्हाई बघ मध्या," असं तू म्हणायचास. प्यायल्यावर आठवते, असं मी म्हणायचो. तुला ते कधी पटलं नाही. दोन ग्लास झाले की तू माझ्या गळ्यात पडून 'भाऊ, भाऊ' करायचास आणि सकाळी मशीनवर ओळख द्यायला लाजायचास. त्यावरून आपण किती भांडलो! तो वाद तसाच राहिला. तू मधेच उठून गेलास, हरामखोरा.

मॅनेजरनं दोघांना एकाच दिवशी केबिनमध्ये घेतलं आणि तिसरा मेमो दिला. पुढच्या वेळी गेटवर वास आला तर आत घेणार नाही, म्हणाला. त्याच आठवड्यात माझी बायको शोभा दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली. तुझ्या सुमनवहिनी कुठं गेल्या नाहीत, त्या मार खात तिथंच राहिल्या. मग कुणीतरी सांगितलं की दारू सोडणाऱ्यांच्या बैठका असतात. तिथं नुसतं नाव सांगायचं. आडनाव, गाव, धंदा, कुणी काही विचारत नाही. ते ऐकून तू मशीन बंद करून हसलास. "आपल्या जिल्ह्यात? गाव इचारल्याबिगर? मध्या, तुला कुनीतरी येड्यात काढलंय."

तरी गेलो. पहिली बैठक नगरातच, एका शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्यांना गाद्या, चहाला कपबशी. एक डॉक्टर आला आणि त्यानं पडद्यावर लिव्हरचे रंगीत फोटो दाखवले. निरोगी लिव्हर, सुजलेलं लिव्हर, गेलेलं लिव्हर. मग एक रिटायर साहेब उठले. इस्त्रीचा सफारी, सोनेरी चष्मा. "माझं ड्रिंकिंग तसं सोशलच होतं," ते म्हणाले, "पुढे पुढे जरा कंट्रोल राहिला नाही." तू माझ्या कानाला लागलास. "ह्यो ड्रिंकिंग करत हुता, आपून नुस्तं ढोसत हुतो. आपला रोग येगळा दिसतोय." मी इतका हसलो की त्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आपल्यासारख्यांनी तिथं यावं हेच त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या चपलांकडं बघून नाक मुरडलं, आपण त्यांच्या सफारीला नावं ठेवली आणि बाहेर पडून त्या लिव्हरच्या नावानं एकेक क्वार्टर मारली. नालायक होतो आपण. सुटायला गेलो होतो आणि चेष्टा करून आलो.

दुसरी बैठक आपल्याच जिल्ह्यातल्या बेलापूरची. रजा टाकून, एसटीचे हाल सोसून गेलो. एका आडत्याच्या गाळ्यामागं खोली, भिंतीला लागून धान्याची पोती, आठ-दहा जण गोलात बसलेले. मुख्य माणूस गोड बोलणारा, कपाळाला गंध.

"मी मधुकर," मी म्हणालो.

"पुढं?"

"पुढं काय?"

"आडनाव हो."

"इथं नुसतं नाव असतं ना?"

"हां हां, नियम तोच आहे. नियम म्हणजे नियम. बरं, गाव कोणतं?"

"नगर."

"नगरात कुठं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. झालं, सगळ्यांचे चेहरे खुलले. आता त्यांना मी कोण ते कळलं. माझ्या रोगाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, पत्त्याची मात्र फार काळजी होती. तो गंधवाला हसून म्हणाला, "मग तुम्ही कशाला सोडताय उगाच? तुमच्यात तर चालतंच की."

मला पुढचं नीट दिसेना. उठावं की त्याच्या कानाखाली वाजवावी, काही ठरेना. तेवढ्यात तू उभा राहिलास. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "आमच्यात बी चालतंय! मी काष्टीचा पाटील. माजा बा पिऊन मेला, चुलता पिऊन मेला. म्हनून आलोय हितं. तुमची थोबाडं बघाया न्हाई आलो. चल रं मध्या."

स्टँडवर आपण तासभर बसलो. तू शेंगदाण्याची पुडी घेतलीस, अर्धी माझ्या हातावर ओतलीस आणि म्हणालास, "आपली आपुन काढू बैठक. ह्या भडव्यांच्या दारात न्हाई जायाचं." त्या दिवशी आपण प्यायलो नाही. रागानं माणूस पितो एवढंच मला माहीत होतं. रागानं न पिताही येतं हे तू मला त्या बाकड्यावर दाखवलंस. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मित्राचे कुठं आभार मानायचे, असं वाटायचं. आज मानतो, दिन्या. मनापासून मानतो.

मग अण्णा भेटले. रिटायर फिटर, नऊ वर्षं थेंब नाही, पुण्यात असल्या बैठकांना बसून आलेले. नागापुरात त्यांची ग्राइंडिंगची छोटी शेड होती. आपल्या पट्ट्यात गुरुवारी लाइट बंद, म्हणून सगळ्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी दुपारी चारला बंद मशिनींच्या मधे लाकडी खोकी मांडून आपण बसायचो. घेतली असेल तर 'घेतली' म्हणायचं, नसेल तर 'घेतली नाही'. उपदेश करायचा नाही. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्यांचं अण्णा फार कडक बोलायचे, तेव्हा मला वाटायचं, म्हातारा उगाच मोडता घालतो.

तिसऱ्याच गुरुवारी तू झोकांड्या खात आलास. दारातच उभा. "घेतली," म्हणालास. "बायकूला मारलं. आता हितं बसू का जाऊ?" अण्णांनी पायानं एक खोकं तुझ्याकडं सरकवलं. तू बसलास आणि हमसून हमसून रडलास. मला तेव्हा कळलं की आपण हेच शोधत होतो. गादीच्या खुर्च्या नकोत, गंध नको, लिव्हरचे फोटो तर नकोतच. पिऊन आल्यावर बसायला खोकं मिळेल अशी एक जागा हवी होती.

त्या दिवसानंतर तू थांबलास. मीही थांबलो. शोभा परत आली. तुझ्या घरातून ओरडायचा आवाज यायचा बंद झाला. दिवाळी झाली, यात्रा झाली, आणि बघता बघता तुझं वर्ष भरलं.

आणि मी तुझी वाट लावली.

हो, मीच. कल्पना माझी होती. अण्णा म्हणाले, एक चहा करू, बास. मी त्यांना जुनाट म्हणालो. आपल्या लोकांना काही चांगलं दिसलं की त्याला हार घालून नासवल्याशिवाय चैन पडत नाही. बोअरला पाणी लागलं, सत्कार. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. कुणी पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं मुतारी बांधली, सत्कार. मग दिन्यानं वर्षभर दारू प्यायली नाही, म्हणजे जे करायलाच नको होतं ते केलं नाही, त्याचा का करू नये? मला वाटलं, तुला बघून आणखी चार जण येतील. खरं सांगू? त्या बेलापूरवाल्याला दाखवायचं होतं. आमची बैठक बघ म्हणावं. माझी सगळी खुमखुमी तुझ्या डोक्यावर बांधली.

काष्टीला बाजाराच्या दिवशी मंडप घातला. कापडी बॅनर, छापील पत्रिका, त्यावर तुझं नाव आडनावासकट, गावासकट, 'सत्कारमूर्ती' म्हणून. आडनाव-गाव न सांगता बसायच्या बैठकीचं हे आम्ही करून ठेवलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही! तोच तो बाजार समितीचा जाड्या अध्यक्ष. त्याच्या तोंडाला मंडपात येतानाच वास येत होता. त्यानं तुला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि लोकांना सांगितलं, "यांचा आदर्श घ्या." बैल विकायला आलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. वहिनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, नव्या लुगड्यात. त्यांच्याकडं बघून मलाही गहिवरून आलं. ते एक तेवढं खरं होतं त्या दिवशी.

आणि तू, दिन्या! तू काय बोललास त्या माईकवर? "मी दारूला लाथ मारली, ती आता माज्या दारात पाय ठेवनार न्हाई." शेडमध्ये कधी असलं बोलला नव्हतास. तिथं 'आज घेतली नाही' एवढंच म्हणायचास. एका फेट्यानं तुला पुढारी केलं. तालुक्याच्या कुठल्याशा समितीवर तुला घेतलं. शाळांतून भाषणाला बोलवायला लागले. तू इस्त्रीचे शर्ट घालायला लागलास. गुरुवारी उशिरा यायचास आणि नव्यांना उपदेश करायचास. मला तुझा राग यायचा. पण फेट्यातला तुझा फोटो फ्रेम करून शेडच्या भिंतीला लावला तोही मीच. अण्णा त्या फोटोकडं बघून नुसते चष्मा पुसत राहिले.

चारेक महिन्यांनी तू दाराजवळच्या खोक्यावर बसायला लागलास. तोंडात सतत वेलदोडा. तुझी पाळी आली की तू ग्राइंडरच्या चाकाकडं बघत "घेतली न्हाई" म्हणायचास. अरे, मी तुझ्याबरोबर अकरा वर्षं प्यायलोय. तुझ्या मानेवरून मला कळतं किती झालीय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो. आधी वाटलं, चूक झाली असेल, येईल ताळ्यावर. मग वाटलं, मी कोण सांगणार? मग वाटलं, मर लेका, इतका शहाणा झालायस तर. हे तिसरं जे वाटलं, तेच खरं होतं. पहिली दोन नुसती सबब.

शेवटी तू मला पेट्रोल पंपाच्या मागं सापडलास. भर दुपार. हातात रेक्झिनची पिशवी, पाठ रस्त्याकडं, मान वर. मी सायकल तिथंच टाकली.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"झालं की दोन-तीन म्हैनं." तू तोंड पुसलंस आणि हसायचा प्रयत्न केलास. "कुनाला बोलू नको रं. शाळेत भाषन हाय उद्या."

"गुरुवारी ये आणि सांग सगळ्यांना. मागं सांगितलं होतंस तसं."

"मागं मी बेवडा हुतो, मध्या. बेवड्याला सांगता येतंय. आता कसं सांगू? माजाच फोटो हाय वर, फेटा बांधून बसलेला. त्याच्या खाली बसून सांगू, घेतली म्हनून?"

"काढून टाकतो फोटो."

"आन् काष्टीला काय सांगू? सुमीला काय सांगू? ती पयल्या रांगंत बसली हुती. तिला वाटतंय तिचा नवरा देवमानूस झालाय." मग तू माझा हात धरलास. "सांग ना, काय करू मी?"

तू विचारलं होतंस, दिन्या. सरळ विचारलं होतंस. आणि मला तुझी इतकी किळस आली, तुझ्या वेलदोड्याची, तुझ्या इस्त्रीच्या शर्टाची, तुझ्या त्या रडक्या तोंडाची, की मी हात झटकला. "मग पी आणि मर," म्हणालो, आणि सायकल उचलून निघालो. मागं वळून पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी तुला हजार गोष्टी सांगितल्या, एक ऐकली नाहीस. हीच नेमकी ऐकलीस.

त्यानंतर तू गुरुवारचा यायचा बंद झालास. कंपनीतही नीट येईनास. पाच आठवड्यांनी दवाखान्यातून निरोप आला. मी पोचेपर्यंत तुला ओळख राहिली नव्हती. मी तुझे पाय चेपत बसलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दहाव्याला जेवणं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. कपाळ मोकळं, आवाज बसलेला. "भावजी, खरं सांगा. तुमाला म्हाईत हुतं?" मी म्हणालो, "नाही वहिनी." त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कुणास ठाऊक. त्या पाच भाषणांना मी इतका वेळ शिव्या घालतोय, पण सगळ्यांत मोठं खोटं त्या दिवशी मीच बोललो. हा कागद लिहून झाला की आधी त्यांच्या हातात देणार आहे. मग त्यांनी मला दारात उभं केलं नाही तरी चालेल.

परवा गुरुवार होता. शेडमध्ये सात जण. अण्णा म्हणाले, "दिनकरसाठी दोन मिनिटं शांत बसू." सगळे उठून उभे राहिले, माना खाली. मला ते सहन होईना. पुन्हा तीच मंगळवारची शांतता, फक्त कर्णा नव्हता.

"दिनकर पिऊन मेला," मी म्हणालो. "मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यानं मला विचारलं काय करू, आणि मी त्याला मर म्हणालो."

शिवराम टेम्पोवाला एकदम अंगावर आला. तू गेल्यावर सत्काराला पुढचा नंबर त्याचाच. पुढच्या महिन्यात त्याचं वर्ष भरणार, त्याच्या मेव्हण्यांनी फेटेवालासुद्धा सांगून ठेवलाय. "गप्प बस! मेलेल्या मानसाची इज्जत घेतो व्हय? लाज न्हाई वाटत?" त्यानं माझी कॉलर धरली. मला वाटलं आता मारतो. मारायला हवंच होतं. पण त्यानं कॉलर सोडली नाही, तशीच धरून उभा राहिला, आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मी बी घेतोय," तो म्हणाला. "दिवाळीपास्नं. रोज."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. शिवराम माझ्याकडं बघत होता, दुसऱ्या कुणाकडं नाही. "आता काय करू?" त्यानं विचारलं.

तुझाच प्रश्न, दिन्या.

"काही करू नकोस," मी म्हणालो. "खाली बस. चहा घे. पुढच्या गुरुवारी परत ये. पिऊन आलास तरी ये."

तो बसला. बसताना त्यानं कॉलर सोडून माझी बाही धरली, ती चहा येईपर्यंत सोडली नाही, आणि मी सोडवून घेतली नाही. एवढंच म्हणायचं होतं रे. पाच साधी वाक्यं. त्या दुपारी पंपामागं तीच माझ्या तोंडात होती, मला आठवतंय, होती. ती गिळून मी दुसरं बोललो.